नव्या चपलेतलं रक्त

१

त्या रविवारी आण्णांनी माझ्याकडून दोनदा चहा करून घेतला आणि दोन्ही वेळा विचारलं, साखर घातलीस का. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. मग ते उठले, डब्यातला गुळाचा खडा उचलला आणि माझ्याकडं न बघता तोंडात टाकला.

"गूळ म्हंजे साखर न्हवं," म्हणाले.

"डॉक्टरांना सांगू का?"

"सांग की. तुझ्या डॉक्टरानं जेवढा गूळ बघितला नसंल तेवढा मी विकलाय."

आण्णा म्हणजे माझे वडील, विजयसिंह चौगुले. वय चौऱ्याहत्तर. गाव कोल्हापूरहून गगनबावड्याला जाताना लागतं. घरचा ऊस, दोन म्हशी आणि पायऱ्यांची जुनी विहीर. आई जाऊन नऊ वर्षं झाली. मी कोल्हापुरात एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि दर रविवारी गावी जात असे. धाकटा भाऊ सम्राट पुण्यात असतो, तो सणाला येई.

दुपारी अंगणात करकर वाजली. गुंडू आला होता, पायात आण्णांच्या नव्या कोल्हापुरी चपला.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आण्णा दर संक्रांतीला मापाची नवी जोडी बांधून घेत. कोरी चप्पल पायाला चावते, चांगला महिनाभर चावते. आण्णांना साखरेचा आजार. पायाला जखम झाली तर ती लवकर भरत नाही. म्हणून नवी जोडी आधी गुंडू घालायचा. रोज रात्री तिला तेल पाजायचा, दिवसभर शेतात हिंडून ती मऊ करायचा आणि चैत्रात जोतिबाला निघताना आण्णांच्या पायापुढं ठेवायचा. वीस-बावीस वर्षं हे चाललं होतं. हे काम दुसऱ्या कुणाला सांगून चालत नसे, कारण आण्णांचं माप दुसऱ्या कुणाच्या पायाला बसत नसे. सम्राटचा पाय लांबट आहे, आईवर गेलेला.

"चावतीया व्हय?" आण्णांनी विचारलं.

"डाव्या अंगठ्यापाशी जरा. हुईल आठ दिवसांत," गुंडू म्हणाला, आणि मला, "आक्कासाब, कवा आलासा?"

गुंडू आमच्याकडे लहानपणापासून कामाला. त्याची आई बायडाबाई त्याच्याही आधीपासून.

जेवणं झाल्यावर आण्णा माझ्याशी पंधरा मिनिटं एकटेच बोलले. ते काय बोलले आणि मी काय उत्तर दिलं, ते मी शेवटी सांगणार आहे. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी ते सांगितलं नाही. तेवढ्यासाठी एक माणूस बेचाळीस दिवस कोठडीत राहिला. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर मी कुठेतरी स्वतःला चांगली दाखवायला लागेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन आला. आण्णा विहिरीत पडले होते.

२

ते पाण्यात पडलेच नव्हते. विहिरीला एकवीस पायऱ्या आहेत आणि खाली मोटरचा दगडी चौथरा. आण्णा त्या चौथऱ्यावर पडलेले होते, डोक्याची मागची बाजू दगडावर. उजव्या पायात नवी चप्पल होती. डावी चप्पल वरून सातव्या पायरीवर उलटी पडली होती.

सब-इन्स्पेक्टर राजनंदिनी खाडे यांनी ती रुमालानं उचलली. तिशीतली बाई, आवाज मोठा, बोलणं तोडून.

"पट्ट्याच्या आत रक्त आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. "मधल्या पायऱ्यांवर एक थेंब नाही. डोक्यातलं रक्त चौदा पायऱ्या चढून वर गेलं काय?"

म्हणजे वर काहीतरी घडलं होतं, हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.

आण्णांना पहिल्यांदा बघितलं ते गुंडूनं. त्यानंच बोंब ठोकली. माणसं धावली तेव्हा तो चौथऱ्यावर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. कपड्यांना रक्त, पाय अनवाणी, तळव्यांत उसाची खुंटं घुसलेली.

मग शेजारच्या रानातला धैर्यशील पुढं आला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्याचं आणि आण्णांचं दहा वर्षं वाकडं. तो म्हणाला, "नऊच्या सुमाराला ह्या दोघांची बांधावर ओढाओढी चाललीती. आण्णा वढतंय, हा सोडंना."

"काय ओढत होते?"

"ते मला उसातनं काय दिसतंय? म्या बगितलं तेवढं सांगितलं. न बगितल्यालं माझ्याकडं न्हाई."

"आणि तुम्ही कुठं होता दहा वाजता?"

"रानात. एकटा. लिवा की तसं. मलाच आत घाला."

राजनंदिनीबाई बांधावर गेल्या. तिथं आण्णांच्या जुन्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या, टाचेला टाच लावून. त्यांनी त्याही पिशवीत घातल्या.

"गुंडू, ओढाओढी कशाची?"

"कशाची न्हाई."

"भांडलात?"

"न्हाई."

"मग?"

गुंडूनं माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडाशी धरून उभी होते. त्यानं मान खाली घातली आणि त्यानंतर एक अक्षर बोलला नाही.

दुपारी दोन वाजता सम्राट आला. बाराला पुणं सोडलं म्हणाला. आल्या आल्या त्यानं गुंडूची कॉलर धरली. "आण्णा ह्याला दोन एकर देणार होते, म्याडम. मी नको म्हटलं होतं. ह्यानं विचारलं असणार, आण्णा फिरले असणार, ह्यानं ढकललं."

संध्याकाळी गुंडूला नेलं. बायडाबाई गोठ्याच्या दारात उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. मी तिच्यासमोरून घरात गेले.

३

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. चपलेवर माणसाचं रक्त आहे. डीएनए मिळाला नाही.

"पुसलं असणार," सम्राट म्हणाला. "धुतलं असणार त्यानं."

"धुतलं तर रक्त तरी कसं राहिलं?" राजनंदिनीबाई म्हणाल्या. गुंडूचा वकील म्हणाला, रक्त आण्णांचंच धरून चालतील, ओढाओढीला साक्षीदार आहे, आणि आरोपी बोलत नाही. जामीन कठीण.

सम्राटबद्दलही एक गोष्ट बाहेर आली. तो बाराला पुण्याहून निघालाच नव्हता. आदल्या दिवसापासून कोल्हापुरात एका लॉजवर होता. मी खोदून विचारल्यावर म्हणाला, रस्त्याकडेच्या जमिनीला गिऱ्हाईक बघायला आलो होतो, आण्णांना न सांगता. सोमवारी सकाळी तो त्या गिऱ्हाइकाबरोबर बसला होता. ते खरं निघालं. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "बाप मेला त्या वेळी मी त्याच्या जमिनीचा भाव करत होतो. हे तू कुणाला सांगू नको, आक्का."

मी नाही सांगणार म्हटलं. लपवायच्या बाबतीत मी विश्वासाची होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात राजनंदिनीबाई एका मुलीला घेऊन घरी आल्या. पुण्याची बोली, पाठीला सॅक, सत्तावीस-अठ्ठावीस वय. नाव अदिती. प्रयोगशाळेत काम करणारी.

"अहवाल मीच केलाय," ती म्हणाली. "आणि तो मला पटत नाहीये. प्रत्येक नळीत आम्ही आमच्याकडचा थोडासा डीएनए घालतो, माहितीतला. नमुन्यात काही सापडो न सापडो, तो दिसायलाच हवा. तुमच्या चपलेच्या नळीत तोही दिसला नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे नमुन्यात डीएनए नाही असं नाही. नमुन्यातलं काहीतरी आमची रासायनिक क्रियाच थांबवतंय. मी 'नाही' लिहिलं. खरं तर 'दिसू शकलं नाही' असं लिहायला हवं होतं." तिनं ओठ चावला. "त्यावर एक माणूस आत आहे हे मॅडमनी फोन केल्यावर कळलं. म्हणून सुट्टी टाकून आले. मला त्या चपलेनं आजवर काय काय खाल्लंय ते सांगा. घाण कळली की ती काढता येते."

चूक केल्यावर माणूस इतक्या सरळ सांगू शकतो, हे मी बघत राहिले.

बायडाबाईला बोलावलं. ती उंबऱ्याबाहेर बसली.

"चपलेला तेल कुठलं लावायचा गुंडू?"

"करडीचं. रोज राती, चिंधीनं. चावल्यालं आसंल तितं जास्त."

"चावलं होतं?"

"नवी चप्पल चावनार न्हाई तर काय मुका घील?" ती म्हणाली. राजनंदिनीबाईंना हसू आलं. बायडाबाई हसली नाही. "रगात आलंतं दोनदा. तरी त्येल लावून परत घालायचा. आण्णांच्या पायाला लागाय नगं म्हनायचा."

अदितीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

४

चपला बांधणाऱ्या धोंडुबाईकडं मी त्यांना गाडीनं नेलं. नको म्हणायला कारण सापडलं नाही. धोंडुबाईनं पाय पसरून, वेणी घालावी तशी चामड्याची वादी वळत आम्हाला बसायला पोतं दिलं.

"बसा पावणं. पोलीस हायसा तर चपला फुकट न्हाई."

"कातडं कशात कमावता?" अदितीनं विचारलं.

"बाभळीची साल आन् हिरडा. म्हैना-म्हैना मुरवायचं. मशीनचं कातडं म्या घेत न्हाई. ह्ये बगा." तिनं कातड्याचा एक तुकडा पाण्याच्या वाटीत टाकला. थोड्या वेळानं पाण्याला तांबूस रंग चढला, कोऱ्या चहासारखा.

अदितीनं ते पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "तुरट. हेच ते. टॅनिन. आमच्या सगळ्या क्रियेला हेच धरून बसतं. आणि त्यावर तेल, आणि शेताची माती. तीन-तीन अडथळे."

निघताना तिनं सहज विचारलं, "आण्णांच्या मापाचा कागद आहे?"

"हाय की." धोंडुबाईनं पत्र्याच्या डब्यातून कागद काढला. पेन्सिलीनं काढलेले दोन पाय. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं होतं. तिथं रेघेला फुगा होता.

"ह्यो आण्णांचा न्हवं तसं बगितलं तर," ती म्हणाली. "ह्या खेपंला आण्णांस्नी यायला जमलं न्हाई. गुंडूला धाडलंतं. म्हणालं, त्याच्याच पायावर घे, एकच हाय. म्या जुना कागद लावून बगितला. रेघेवर रेघ. त्यो हाडाचा गड्डाबी तितंच." ती वादी वळत राहिली. "चाळीस वर्षं लोकांचं पाय बगती म्या. पाय खोटं बोलत न्हाई."

अदिती कागदाकडं बघत होती, राजनंदिनीबाई माझ्याकडं. मी गाडीची किल्ली हातात फिरवत बाहेर गेले आणि ऊन लागतंय म्हणून गाडी सावलीत घेतली. ती सावलीतच होती.

५

नऊ दिवसांनी दोघी ग्रंथालयात आल्या. परीक्षेचे दिवस, वाचनकक्ष भरलेला. मी त्यांना मागच्या बांधणीच्या खोलीत नेलं. फाटक्या पुस्तकांच्या ढिगाजवळ आम्ही तिघी उभ्याच राहिलो.

"निघाला," अदिती म्हणाली. तिचे डोळे जागरणानं लाल होते. "आधी तेल उतरवलं. मग अर्क पातळ केला, आधी दहा पट, मग पन्नास. जास्त घेतला की काहीच दिसत नव्हतं, कारण डीएनएबरोबर हिरडाही जास्त यायचा. थोडासा घेतला तेव्हा दिसायला लागलं. मग नळीत गाईच्या रक्तातलं एक प्रथिन घातलं. टॅनिन त्याला चिकटून बसतं आणि डीएनए सुटतो. आणि ह्या वेळी मी पट्ट्यावरचा डाग एकच धरला नाही. वरचा थर वेगळा खरवडला, आतला वेगळा कापला."

"आणि?"

"आतलं रक्त, तेलाच्या खालचं, कातड्यात मुरलेलं, ते गुंडूचं. वरचं, तेलावर वाळलेलं, ते आण्णांचं. दोन्ही एकाच जागी, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी."

राजनंदिनीबाईंनी पुढचं हाती घेतलं. त्या हळू बोलत होत्या, त्यांच्या मानानं. "मारामारीत दोघांचं रक्त सांडलं असतं तर ते एकत्र मिसळलं असतं. इथं मध्ये तेलाचा थर आहे. म्हणजे गुंडूचं रक्त आधीच्या दिवसांतलं. आणि तेल लावून झाल्यावर ती चप्पल आण्णांच्या पायात गेली. तुमच्या सांगण्याप्रमाणं ती चैत्राआधी जायला नको होती. बांधावर जुनी जोडी नीट ठेवलेली. गुंडू अनवाणी, खुंटाच्या रानात. आता ओढाओढी कशाची ते सांगा."

मला सांगावं लागलं नाही.

"चपलांची," त्याच म्हणाल्या. "आण्णांनी जुन्या काढल्या आणि गुंडूच्या पायातल्या नव्या मागितल्या. तो देईना. त्यांनी ओढून घेतल्या, घातल्या आणि तासभर रानात हिंडले. चप्पल चावली, रक्त आलं. शवविच्छेदनात डाव्या अंगठ्याला खरचटल्याची एक ओळ आहे. मी ती वाचली होती आणि सोडून दिली होती. मग मोटर बघायला विहिरीत उतरले. कोऱ्या चामड्याचा तळ, शेवाळलेली पायरी. सातव्या पायरीवर पाय सटकला. कुणी ढकललं नाही त्यांना."

मी स्टुलावर बसले. आण्णा गेल्यापासून मी रडले नव्हते, तेव्हाही रडले नाही. मी फक्त विचारलं, आता गुंडू सुटेल ना.

"नाही," राजनंदिनीबाई म्हणाल्या. "ही माझी जुळवाजुळव झाली. कोर्टात पहिला प्रश्न येईल: बावीस वर्षं जे केलं नाही ते आण्णांनी त्याच सकाळी का केलं? त्याला माझ्याकडं उत्तर नाही. गुंडू तोंड उघडत नाही. आणि दुसरं म्हणजे..." त्यांनी अदितीकडं बघितलं.

अदितीनं आवाज अगदी खाली आणला. "दोघांचे डीएनए शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. मी ती शोधत नव्हते. पण अहवालातून मला ती गाळता येणार नाही."

"सरकारी वकिलाला ती दिसली की तो तिचंच कारण करणार," राजनंदिनीबाई म्हणाल्या. "नाव न मिळालेला मुलगा. बापाशी ओढाओढी. मग चपलेची गोष्ट कोण ऐकतंय? मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली.

मी सतरा वर्षांची असताना आईनं मला ते सांगितलं, तांदूळ निवडताना, एका वाक्यात. पुन्हा त्यावर बोलली नाही, मीही नाही. तेव्हापासून मी गुंडूला नावानं हाक मारायचंही टाळत आले. "अरे," म्हणायचे, किंवा "जरा इकडं." आयुष्यभर पुस्तकांत राहिले, दुसऱ्यांच्या घरांतली असली गुपितं वाचून हळहळले. स्वतःच्या अंगणात मात्र मी त्याला चपला घालून हिंडताना बघत बसले.

"शनिवारी गावी या," मी म्हटलं. "सगळ्यांना बोलवा. त्यालाही आणा."

६

शनिवारी सकाळी आमच्या सोप्यात, पुढच्या ओसरीवर, सतरंजी अंथरली होती. सम्राट खुर्चीत बसला. धैर्यशील खांबाला टेकून उभा होता, "मला कशाला बलिवलंय" म्हणत. बायडाबाई उंबऱ्याबाहेर. कोर्टाच्या परवानगीनं जागा दाखवायला म्हणून गुंडूला आणलं होतं. तो वाळला होता. दाढी पांढरी आलेली मी पहिल्यांदा पाहिली.

राजनंदिनीबाईंनी चपलांचं सगळं सांगितलं. अदितीनं थरांचं सांगितलं. नात्याबद्दल दोघीही बोलल्या नाहीत. धैर्यशील मान हलवत म्हणाला, "आयला, चपलाच वढत हुती व्हय. म्या म्हटलं काय कागुद-बिगुद."

"गोष्ट झाली ही," सम्राट म्हणाला. "आण्णा का घालतील नव्या चपला? त्यांना काय वेड लागलं होतं? बावीस वर्षांत कधी घातल्या नाहीत."

"मी सांगते," मी म्हटलं.

माझा आवाज मला परका वाटला. मी गुंडूकडं बघून बोलायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. मी सतरंजीकडं बघून बोलले.

"रविवारी जेवणानंतर आण्णा मला म्हणाले, गुंडूचं कायतरी करायला पायजे. मी म्हटलं, काय, जमीन? म्हणाले, जमीन न्हवं. जमीन कुणीबी देतंय. गावासमोर एकदा म्हणायचं हाय. मी म्हटलं, आण्णा, आत्ता नाही. माझ्या अनुजाच्या लग्नाची बोलणी चाललीत, ती माणसं काय म्हणतील. आण्णा म्हणाले, मी चौऱ्याहत्तरचा हाय, आत्ता न्हाई तर कवा."

"आक्का, पुरे," सम्राट म्हणाला.

"मला त्यांना गप्प करायचं होतं. मी त्यांना म्हटलं, ज्याला वीस वर्षं स्वतःच्या चपला मऊ करायला लावल्या, त्याच्याबद्दल गावासमोर कुठल्या तोंडानं बोलणार? हे मी गुंडूच्या कळवळ्यानं म्हटलं नाही. त्यांना लागावं म्हणून म्हटलं. लागलं. ते गप्प झाले, पानाचा डबा पुढं ओढला, आणि मी जिंकले म्हणून भांडी घासायला उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या चपला काढून घेतल्या."

राजनंदिनीबाई लिहीत होत्या. त्यांचं पेन थांबलं.

"गुंडू," त्या म्हणाल्या, "आता तरी सांग."

गुंडूनं मान वर केली. "आण्णा आलं, म्हणालं, काढ चपला. म्या म्हटलं, आजून चावत्यात, तुमच्या पायाला झेपायचं न्हाई. वढाया लागलं. म्या सोडंना. मग म्हणालं, चावू देत. इतकी वर्सं तुला चावल्या, आता मला चावू देत." त्यानं दाढीवरून हात फिरवला. "आपल्या जुन्या माझ्याफुडं ठिवल्या. म्हणालं, ह्या घाल. म्या कशा घालू? तशाच ठिवल्या नीट. पायऱ्यांकडं जाताना बगितलं म्या त्यांस्नी. लंगडत हुतं. हाक माराय पायजे हुती."

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"का चावू देत म्हणालं, ते इचारलं असतं तुमी." त्यानं उंबऱ्याकडं बघितलं. "माझ्या आईचं नाव निघालं असतं. आक्कासाबांच्या पोरीचं लगीन हाय."

म्हणजे त्याला माहीत होतं. कधीपासून, ते विचारायचा हक्क मला नव्हता. बेचाळीस दिवस तो माझ्या मुलीच्या लग्नासाठी गप्प बसला होता, आणि मीही त्याच लग्नासाठी गप्प बसले होते, घरी, पंख्याखाली.

सम्राट उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "काय चाललंय हे? आक्का, तू शिकलेली बाई. चार माणसांत बापाची अब्रू काढायला बसलीस, ह्या गड्यासाठी? अगं, कोण लागतो हा तुझा?"

बायडाबाई बाहेरून घाईघाईनं म्हणाली, "आक्कासाब, ऱ्हाऊ द्या. सुटला तेवढं बास हाय आमास्नी."

ती मला वाचवत होती. माझ्या आईच्या घरात आयुष्यभर राबलेली ती बाई त्या क्षणीही मला वाचवत होती, आणि मी मान हलवली असती तर सगळं तिथंच झाकलं गेलं असतं. मी उभी राहिले. ह्या वेळी मी गुंडूकडं बघितलं.

"भाऊ लागतो," मी म्हटलं. कॉलेजातली माझी भाषा कुठं गेली कळलं नाही. "गुंडू माझा भाऊ हाय, सम्राट. तुझाबी हाय. माझ्यापरास चार म्हयन्यांनी धाकटा. लिवा, म्याडम. मोठ्यानं सांगती. गुंडू माझा भाऊ हाय."